हिस्टामिन सोसत नाही तेव्हा: दोन आठवड्यांचा प्रयोग आणि त्यानंतरचं ताट

रात्री बांगड्याचं तिखलं जेवलात, किंवा टोमॅटोचं सार. अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, कान गरम, नाक गळायला लागलं, डोकं ठणकायला लागलं, पोट फुगलं. पुढच्या आठवड्यात तोच पदार्थ खाल्ला आणि काहीच झालं नाही. अ‍ॅलर्जीची तपासणी केली तर अहवालात काही सापडत नाही. असं वारंवार होणारी माणसं शोधत शोधत ‘हिस्टामिन इनटॉलरन्स’पाशी येऊन पोहोचतात, आणि तिथे त्यांच्या हाती सगळ्यात आधी पडते ती वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी.

ती यादी लगेच फ्रीजवर चिकटवू नका, एवढं माझं पहिलं सांगणं. हा आहार जन्मभराचं पथ्य नाही. सुरुवात आणि शेवट ठरलेला तो एक प्रयोग आहे. काही पदार्थ थोडे दिवस थांबवायचे, मग एकेक करून परत आणायचे आणि आपल्याला किती सोसतं ते शोधायचं. यादीतलं सगळं कायमचं सोडून अशक्त होणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं, कारण त्यातलं निम्मं सोडायची गरजच नसते.

नेमकं होतं काय

हिस्टामिन शरीर स्वतःही तयार करतं. जठरात आम्ल सुटायला, मेंदू जागा राहायला ते लागतंच. अ‍ॅलर्जीत अंगावर पित्त उठतं तेही त्यामुळेच. दुसरा पुरवठा अन्नातून होतो. प्रथिनांमध्ये हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. म्हणून जे अन्न जिवाणूंच्या हाती जास्त वेळ राहिलं, म्हणजे मुरलं, आंबलं, खारवलं किंवा नुसतं उघड्यावर पडून राहिलं, त्यात ते वाढतं.

असं पोटात आलेलं हिस्टामिन मोडायचं काम मुख्यतः डायअमाइन ऑक्सिडेज करतं. या एन्झाइमला थोडक्यात डीएओ म्हणतात आणि ते लहान आतड्याच्या अस्तरात असतं. त्याला न्हाणीघराची मोरी समजा, आणि अन्नातून येणाऱ्या हिस्टामिनला नळाचं पाणी. मोरी मोकळी असेल तर नळ मोठा सोडला तरी पाणी वाहून जातं. मोरी अर्धी तुंबलेली असेल तर बारीक धारेनेही न्हाणीघर भरतं. म्हणून एकटं टोमॅटोचं सार चालतं, पण त्याच दिवशी सार, लोणचं, कालचं चिकन आणि वर एक बिअर असं झालं की त्रास होतो. एकेका पदार्थापेक्षा दिवसभराची बेरीज बघायला लागते, हे एकदा लक्षात आलं की बराच गोंधळ कमी होतो.

या निदानाबद्दल डॉक्टरांमध्ये अजून एकमत नाही आणि ठाम निर्णय देणारी साधी रक्तचाचणीही नाही. जर्मन भाषक देशांतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांनी २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनीही रक्तातल्या डीएओच्या मोजमापावर निदान करू नका असंच म्हटलं आहे. ‘शंभर पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडाच्या) चाचण्यांवर तर मुळीच पैसे घालवू नका. ते प्रतिपिंड आपण काय खातो एवढंच सांगतात, काय सोसत नाही ते नाही.

पहिली पायरी: आधी बाकीचं तपासून घ्या

हीच लक्षणं इतर डझनभर कारणांनी होतात. खाल्ल्यावर घसा सुजणं, श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, चक्कर येऊन पडायला होणं यातलं काहीही एकदाही झालं असेल तर तो घरी प्रयोग करायचा विषय नाही. तेव्हा आधी इस्पितळ गाठायचं, मग अ‍ॅलर्जीतज्ज्ञ. वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागत असेल तर पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे गेलात की तीन गोष्टी विचारा. सिलिअ‍ॅक रोग, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणं, तपासायचा का? ही रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते; आधीच पोळी बंद केली तर अहवाल फसवा येऊ शकतो. दुधातली साखर पचत नाही असं तर नाही ना? आणि चेहरा वारंवार लाल होऊन रक्तदाब पडत असेल तर ट्रिप्टेज, म्हणजे हिस्टामिन साठवणाऱ्या मास्ट पेशींतून रक्तात येणारं एन्झाइम, तपासायचं का?

मग औषधांची यादी समोर ठेवा. काही औषधं डीएओला अडवतात: मलेरियाचं क्लोरोक्विन, अमॉक्सिसिलिनबरोबर दिलं जाणारं क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, रक्तदाबाचं व्हेरापामिल. आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड. ते चालू असताना कुप्यासारखे (ट्यूना) मासे खाऊन चेहरा लाल होणं, धडधड, डोकेदुखी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. टीबीचे उपचार चालू असलेल्या माणसाने हे वाचून गोळी थांबवायची नाही, एक दिवसही नाही. मासा थांबवायचा आणि डॉक्टरांना सांगायचं.

गरोदर बाईने हा प्रयोग करू नये. तिच्यात वार भरपूर डीएओ तयार करते, त्यामुळे त्या काळात कित्येकींचा हा त्रास आपोआप कमी होतो. लहान मुलांचा आहारही डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांशिवाय असा छाटू नये.

दुसरी पायरी: एक आठवडा नुसती वही

या आठवड्यात काहीही सोडायचं नाही. नेहमीचं खायचं आणि लिहायचं. बहुतेक जण काय खाल्लं ते लिहितात, पण ते अन्न किती जुनं होतं ते लिहीत नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. नोंद अशी असावी:

“मंगळवार, रात्री ९. भात, सोमवारी संध्याकाळी केलेलं चिकन (रात्रभर ओट्यावर, सकाळी फ्रीजमध्ये), टोमॅटोची कोशिंबीर, लिंबाचं लोणचं. ९:४० ला चेहरा गरम, नाक बंद. ११ ला डोकं. पाळी दोन दिवसांवर. आदल्या रात्री झोप कमी.”

या एका नोंदीत चार-पाच संशयित आहेत. पाळीची तारीख लिहायला विसरू नका. अनेक बायकांना त्रासाचे दिवस पाळीच्या आगेमागे गोळा झालेले दिसतात. लक्षणं खाल्ल्यावर काही मिनिटांपासून काही तासांत यायला हवीत. दोन दिवसांपूर्वीच्या ढोकळ्यावर आजची डोकेदुखी ढकलू नका.

तिसरी पायरी: १० ते १४ दिवस

आता थांबवायचं. चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. परीक्षा, लग्न, प्रवास नसलेले दिवस निवडा.

सगळ्यात आधी दारू बंद. रेड वाइन आणि बिअरमध्ये हिस्टामिन असतं आणि मद्य डीएओलाही अडवतं, म्हणजे दोन्हीकडून मार. मग जुनं मुरलेलं चीज, सलामी-सॉसेज, सोया सॉस, व्हिनेगर, बाजारची सॉस, लोणची. मासे या चौदा दिवसांत नकोतच; सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा आणि डबाबंद मासे तर अजिबात नकोत. भाज्यांमध्ये टोमॅटो, पालक आणि वांगं. वांग्याचं नाव ऐकून अनेकांना नवल वाटतं, पण त्यात हिस्टामिन असतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी वांग्याच्या अ‍ॅलर्जीवर काम करताना हेही दाखवलं, की या हिस्टामिनमुळे त्वचेवरच्या चाचणीत नसलेली अ‍ॅलर्जी असल्यासारखी दिसू शकते.

आंबवलेले पदार्थ म्हणजे इडली, डोसा, आंबोळी, ढोकळा, तसंच दही-ताक हेही तेवढे दिवस थांबवा. चीजच्या मानाने ताज्या दह्यात हिस्टामिन साधारणपणे कमीच असतं, त्यामुळे परत आणायच्या रांगेत दही पहिलं. संत्री-मोसंबी, स्ट्रॉबेरी, चॉकलेट यांची नावं यादीत असतात, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे. वहीत त्यांच्यावर बोट जात असेल तरच सोडा.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. काही युरोपीय याद्यांमध्ये मसूर, हरभरा, सोयाबीनसुद्धा संशयित म्हणून दिलेले असतात. ज्यांच्या ताटात रोज मांस असतं त्यांना ते सोडणं परवडतं. शाकाहारी मराठी घरात वरण आणि उसळ काढली तर प्रथिनं येणार कुठून? डाळी चालू ठेवा. मुगापासून सुरुवात करा, तूरही चालेल, फक्त त्या दिवशी शिजवलेली त्या दिवशी संपवा.

आणि खायला बरंच उरतं. भात, ज्वारी-बाजरी-नाचणीची भाकरी, ताजी पोळी, पोहे, उपमा. दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गाजर, लाल भोपळा, फ्लॉवर, बटाटा. दूध सोसत असेल तर दूध, घरचं ताजं पनीर, तूप. अंडी चालत असतील तर अंडी. त्याच दिवशी आणून त्याच दिवशी शिजवलेलं चिकन. ओलं खोबरं, सफरचंद, डाळिंब, कलिंगड, खरबूज, हंगामात आंबा. आमटीला आंबटपणा हवा तर एखादं आमसूल किंवा कैरीची फोड. तेल-मसाल्यावर बंदी नाही, पण तिखटाने एरवीही पोट जळत असेल तर हात आखडता घ्या.

ताजेपणा: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

यादीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. बांगड्याचंच बघा. बांगडा, सुरमई, कुपा हे एकाच कुळातले मासे. तारली वेगळ्या कुळातली, पण या सगळ्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर असतं. मासा जिवंत असताना काहीच बिघडत नाही. तो मेला, बर्फ कमी पडला आणि टोपली उन्हात राहिली की आतडी-कल्ल्यांतले जिवाणू मांसात शिरतात आणि हिस्टामिन तयार व्हायला लागतं. एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, गोठवून जात नाही. तव्यावर कुरकुरीत झाला म्हणून मासा सुरक्षित होत नाही. नाकावरही फार विश्वास नको, कारण वास यायच्या आधीच हिस्टामिन वाढलेलं असू शकतं.

अशा माशाने ठणठणीत माणसालाही बाधा होते. जेवणानंतर लवकरच तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर चट्टे येतात, आणि बहुधा दिवसभरात सगळं ओसरतं. एकाच पंगतीत दोघातिघांना झालं तर मासाच खराब होता. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने माशातल्या हिस्टामिनची सुरक्षेची मर्यादा किलोमागे २०० मिलीग्रॅम ठेवली आहे ती याच कारणाने. कितीतरी लोक अशा एका रात्रीनंतर ‘मला माशांची अ‍ॅलर्जी आहे’ म्हणत जन्मभर मासे सोडतात. कोकणातल्या माणसाला हे फार महाग पडतं. खात्री अ‍ॅलर्जीतज्ज्ञांकडून करून घ्यावी.

पुढे मासे परत सुरू कराल तेव्हा बाजाराचा फेरा असा आखा: बाकीची खरेदी आधी, मासे शेवटी. वर-खाली बर्फ असलेला मासा घ्या, कल्ले उघडून लालभडक आहेत का बघा, पोट दाबून घट्ट आहे का बघा. तिथेच साफ करून बर्फासकट घरी आणा. त्याच वेळी शिजवा, नाहीतर लगेच फ्रीझरमध्ये. गोठवलेला मासा ओट्यावर न ठेवता फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना बाजारात लांबून आलेला आणि सुका मासाच जास्त दिसतो. त्या महिन्यांत ज्यांना त्रास आहे त्यांनी अंडी आणि डाळींवर भागवलेलं बरं.

मटणाचंही तेच. दुसऱ्या दिवशी रस्सा मुरून जास्त चविष्ट लागतो हे खरं, पण ज्याला हिस्टामिन सोसत नाही त्याने पहिल्याच दिवशी जेवावं. उरणार असेल तर वाफ गेल्यावर, दोन तासांच्या आत, लहान डब्यांत भरून थेट फ्रीझरमध्ये ठेवा. फ्रीजमध्ये हिस्टामिन वाढायचा वेग कमी होतो, फ्रीझरमध्ये ते जवळजवळ थांबतं. नोकरी करणाऱ्या घरात दोन्ही वेळा ताजा स्वयंपाक जमत नाही. त्यांच्यासाठी हे लहान डबे फार उपयोगाचे आहेत. ऑफिसच्या डब्यात पोळी-भाजी आणि सकाळचं वरण न्या, मासे-चिकन नको.

आतड्याकडे बघा

डीएओ आतड्याच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या उंचवट्यांवर, टोकाकडच्या पेशींत बनतं. अस्तराला इजा झाली की सगळ्यात आधी तेच टोक झिजतं. सिलिअ‍ॅक, क्रोन (आतड्याला दीर्घकाळ सूज येणारा आजार), जोराचे जुलाब यांत असं होतं. खराब पाण्याने महिनाभर पोट बिघडलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं, असं असेल तर आशेला जागा आहे, कारण अस्तर भरून येतं. मूळ आजारावर उपचार झाले की कित्येकांची सोसायची ताकद परत वाढते. फक्त यादी पाळत बसलं आणि सिलिअ‍ॅक तपासायचाच राहिला, यापेक्षा मोठं नुकसान नाही.

दुसरी बाजू आतड्यातल्या जिवाणूंची. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली दाखवलं, की आयबीएसच्या (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होणाऱ्या विकाराच्या) रुग्णांपैकी काहींच्या आतड्यात क्लेब्सिएला एरोजिनीस हा जिवाणू भरपूर हिस्टामिन तयार करतो. म्हणजे ताटात नसलेलं हिस्टामिनही पोटात असू शकतं. म्हणून ‘पोटासाठी चांगलं’ म्हणून कोंबुचा, किमची किंवा मिळेल ते प्रोबायोटिक सुरू करू नका. प्रोबायोटिकमधले काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू स्वतःच हिस्टामिन बनवतात. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव नसेल तर ते पाकीट ठेवून द्या. प्रयोगाच्या काळात कुठलंच नवीन प्रोबायोटिक नको, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही.

रोजचं म्हणाल तर जेवणाच्या वेळा ठरलेल्या, पोट साफ, भाज्या आणि भाकरीतून चोथा, पण तो हळूहळू वाढवायचा. डीएओला तांबं लागतं. तीळ, काजू, डाळींतून ते मिळतं. बी६ आणि सी जीवनसत्त्वही पुरेसं असावं, त्यासाठी केळं, बटाटा, ताजा आवळा आहे. बी६च्या जबर मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने नसांना इजा होते.

चौथी पायरी: परत आणणं

चौदा दिवसांत काहीच फरक पडला नाही? मग आहार थांबवा आणि पूर्ववत जेवा. उत्तर ‘नाही’ असं मिळालं, आणि तेही उत्तरच आहे. पदार्थ आणखी कमी करून महिना काढायचा मोह होतो, तो टाळा.

स्पष्ट फरक पडला असेल तर लगेच एकेक पदार्थ आणायला लागा. यासाठी साधारण सहा आठवडे धरा. पहिल्या दिवशी पाव वाटी दही, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक वाटी. त्रास झाला नाही तर दही ताटात आलं. त्रास झाला तर थांबा, पूर्ण बरं वाटू द्या आणि पुढच्या पदार्थाकडे वळा. त्या तीन दिवसांत दुसरं काही नवीन नाही. क्रम मी असा ठेवीन: दही, इडली, टोमॅटो, पालक, वांगं, मग ताजा मासा, शेवटी लोणचं. जे रोज लागतं आणि ज्यात पोषण आहे ते आधी. टोमॅटो रश्शात एक फोड चालतो पण सार चालत नाही असं निघालं, तर तुमची मर्यादा कळली, रस्सा खा.

प्रत्येक ‘नाही’ची दुसऱ्यांदा खात्री करा. आधी भीती बसली असेल तर नुसत्या काळजीनेही छाती धडधडते.

गोळ्यांबद्दल

परदेशात, आणि आता ऑनलाइन आपल्याकडेही, जेवणाआधी घ्यायच्या डीएओच्या कॅप्सूल मिळतात. त्यांचे अभ्यास लहान आहेत, आणि बहुतेक कॅप्सूल डुकराच्या मूत्रपिंडापासून केलेल्या असतात. शाकाहारी असाल किंवा धर्माने वर्ज्य असेल तर पाकिटाच्या मागचं वाचूनच घ्या. वाटाण्याच्या मोडांपासून केलेल्याही असतात, पण त्यांचा पुरावा आणखी कमी. सेटिरिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने बरं वाटतं, पण चौदा दिवसांच्या प्रयोगात ती चालू असेल तर आहाराचा परिणाम झाकला जातो. थांबवायची की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रयोग संपल्यावर तीन-चार पदार्थ बाहेर राहिले असतील तर दर सहा महिन्यांनी त्यांना पाव वाटीपासून पुन्हा संधी द्या. वर्षातून एकदा वजन, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासून घ्या. दही-दूध-मासे कमी झालेल्या ताटात पहिली उणीव तिथेच दिसते.